आठ दिवसांचे चिकू

तलासरीच्या हायवेला चिकू विकणाऱ्या त्या बाईचं नाव मी कधी विचारलं नाही. ती गिऱ्हाइकाला टोपलीत हात घालू देत नसे. आधी विचारायची, "कुठवर जायचं?" मग चिकूवर नख ओढून बघायची आणि पोचल्या दिवशी पिकेल असाच द्यायची.

करोनाची नुकती कुजबुज सुरू झाली होती. आम्ही नवरा-बायको डहाणूहून कच्छचं रण बघायला निघालो होतो. "कच्छला. आठ दिवस!" मी ऐटीत सांगितलं.

तिनं आमचे मास्क न्याहाळले आणि मऊसर चिकू उचलले. "हे न्या. उद्या घरी बसून खा."

मी चिडून दगडासारखे कडक चिकूच मागून घेतले.

दुसऱ्या दिवशी पुढचे रस्ते बंद झाले, आम्ही मुकाट परतलो. तलासरीला नवरा पुटपुटला, "काच वर कर, ती बघेल." तिनं बघितलंच. हात करून गाडी थांबवली आणि अर्ध्या वर केलेल्या खिडकीतून पुडा आत सरकवला. "कालचेच हायेत. तुमच्यासाठी ठेवलेले."

कडक चिकू घरी तांदळाच्या डब्यात बरोबर आठव्या दिवशी पिकले. ते खात आम्ही दारात उभे राहिलो. समोरचा रस्ता इतका ओसाड होता, की रण बघायला आणखी पुढे जायची गरजच नव्हती.