पाचव्याला माझा बाप गप्प असायचा

"इथं उचकी दे," सर माझ्या कानाशी वाकून म्हणाले. "आणि जीभ जरा जड कर. लोकांना मजा येईल."

मी माइकसमोर उभी. हातात सरांची नवी कोरी कादंबरी. प्रकाशन नुकतंच झालेलं, रंगीत कागद अजून टेबलावर पडलेला. कॉलेजचा हॉल गच्च भरला होता. पहिल्या रांगेत बुलढाण्याहून आलेले पाहुणे, आणि त्यांच्या शेजारी माझा बाप. इस्त्रीचा पांढरा शर्ट. खांद्यावर शाल. थोड्या वेळापूर्वीच सरांनी त्याला उभं केलं होतं आणि सगळ्यांना सांगितलं होतं, की आमच्या कादंबरीचा खरा नायक हा. दारूच्या तळातून वर आलेला माणूस. टाळ्या पडल्या. बापानं हात जोडले आणि चारी बाजूंना वळून जयभीम केला. त्याला वाटलं, टाळ्या दारू सोडल्याबद्दल आहेत.

वाचायचं दुसऱ्याच मुलीचं ठरलं होतं. पण तिची मराठी फार साफ. ऐन वेळी सर म्हणाले, नको, अस्सल वऱ्हाडी पाहिजे, तू वाच. याच सरांनी दोन वर्षं माझ्या उत्तरपत्रिकेतल्या प्रत्येक 'मले'वर लाल रेघ ओढली होती. आता त्यांना 'मले' पाहिजे होतं. मी आधी ते पान पाहिलंसुद्धा नव्हतं. खूण घातलेली होती तिथून वाचायला लागले.

पहिल्या वाक्याला लोक हसले. मला बरं वाटलं, खरं सांगते. माझं बोलणं ऐकून कुणी माझ्यावर नाही, माझ्यासोबत हसतंय असं पहिल्यांदाच वाटलं. मग दुसरा परिच्छेद आला. एक दारुडा. पेशानं गवंडी. कमरेला पव्वा खोचलेला. विहारात मूर्तीसमोर झुलत उभा आहे. सगळे पंचशील म्हणतात, आणि पाचवं शील, दारूपासून दूर राहीन हे, तो सगळ्यांपेक्षा मोठ्यानं म्हणतो. आणि उचकी देतो.

हॉल हशानं दणाणला. माझ्या मागं मंचावर बसलेले लोकसुद्धा हसत होते.

मी बापाकडं पाहिलं. तो हसणाऱ्या लोकांकडं वळून वळून बघत होता. चेहऱ्यावर मघाचं हसू तसंच होतं, त्याला ते काढता येत नव्हतं.

तो प्यायचा. हे मी लपवत नाही, त्यानंही कधी लपवलं नाही. आमचं गाव जानेफळच्या अलीकडं, वस्ती गावाच्या टोकाला. बाप मिस्तरी. हाताला सफाई अशी, की लोक त्याच्यासाठी थांबायचे. पण मिस्तरीकामात एक रीत आहे. घराचा स्लॅब पडला की घरमालक मजुरांना मटण आणि दारू देतो. नाही दिली तर मालकाचं नाव खराब होतं, नाही घेतली तर मजुराचं. बाप तिथंच दारूला लागला. आधी स्लॅबच्या दिवशी, मग रोज. मग सकाळी प्यायल्याशिवाय ओळंब्याची दोरी हातात स्थिर राहीना. मायला मारायचा. एकदा भाकरीची परात फेकली, ती मायच्या कपाळाला लागली. ती खूण अजून आहे. माय ती पदराखाली झाकत नाही. काऊन झाकू, म्हणते.

आणि हाच माणूस दर रविवारी सकाळी आंघोळ करून विहारात यायचा. मागं, दाराजवळ उभा राहायचा. हात जोडून चार शीलं म्हणायचा. पाचवं आलं की तोंड मिटायचा. सगळ्या विहारात आवाज व्हायचा आणि माझ्या बापाचा नसायचा. आम्ही पोरं वळून बघायचो. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. एकदा चुलता त्याला म्हणाला, म्हणून टाक ना बे, कोण तपासाले येऊन राह्यलं?

बाप म्हणाला, "मी ऐकून राह्यलो ना."

तेव्हा मला ते कळलं नाही. मला वाटायचं, म्हणावं एकदाचं, बाकीच्यांसारखं. विहारात पिणारे आणखी होते. ते म्हणायचेच की.

त्यानं सोडली ती कशी, हे मला विचाराल तर सांगता येत नाही. काही घडलं नाही. कुणी मेलं नाही, कुणी समजावलं नाही. आधी कितीदा तरी सोडली होती आणि पुन्हा धरली होती. त्या वेळी टिकली, एवढंच. पहिले दिवस फार वाईट होते. अंग थरथर कापायचं, घाम, उलट्या, भिंतीवर मुंग्या दिसायच्या. माय उंबऱ्यातच आडवी झोपायची, त्याला बाहेर पडायचं तर तिला ओलांडून जावं लागलं असतं. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या. नंतर त्याला गोडाची तलफ यायला लागली. खिशात गुळाचा खडा ठेवायचा. माय शर्ट धुण्याआधी खिसा झटकायची तर मुंगळे निघायचे. स्लॅबच्या दिवशी काम संपलं की हात न धुताच निघून यायचा, सिमेंटानं भरलेला. मटणाचा वाससुद्धा नको म्हणायचा. मजूर चिडले. दोन-तीन मालकांनी नंतर त्याला बोलावलंच नाही.

दारू सुटली तरी पाचवं शील त्यानं लगेच म्हटलं नाही. हिवाळा गेला, उन्हाळा आला. विहारात चारला थांबायचा. मग बुद्धपौर्णिमेला, सगळ्यांचं म्हणून झाल्यावर, मागून एक आवाज आला. उशिरा सुरू केल्यामुळं एकटाच. घोगरा. पुरतं पाचवं शील म्हणून झालं तोवर कुणी हललं नाही. माय पदरात तोंड घालून रडली. मीही रडले. त्या दिवशी मला कळलं, की एवढी वर्षं तो गप्प का होता.

सर आम्हाला बी.ए.ला व्यसनावरच्या कादंबऱ्या शिकवायचे. फार छान शिकवायचे, ते नाकारत नाही. सांगायचे की अशा कादंबरीला तीन पायऱ्या असतात, पडझड, तळ आणि सावरणं. स्वतःही लिहीत होते. एक दिवस वर्गात विचारलं, कुणाच्या घरी असा माणूस आहे का. कुणी हात वर केला नाही. सर मागच्या बाकांकडं बघून म्हणाले, "तुमच्या वस्तीत तर असतीलच."

वर्ग हसला. घरी येऊन मी रागानं हे सांगितलं. बाप मात्र रागावला नाही. म्हणाला, येऊ दे त्याईले, कोणी तं इचारलं.

सर आले. पुष्कळदा आले. बाप त्यांना निंबाखाली खाटेवर बसवायचा, स्वतः खाली बसायचा. माय चहा करायची. सर प्यायचे की नाही यावर तिचं लक्ष असायचं, ते प्यायचे. बापानं सगळं सांगितलं. परातही सांगितली, मायसमोर, मान खाली घालून. आयुष्यात त्याचं कुणी एवढं ऐकून घेतलं नव्हतं. शेवटच्या दिवशी सर निघाले तेव्हा त्यानं एकच मागितलं. मी तिथंच उभी होते.

"सगळं लिहा सर. मारलं थेबी लिहा. पन पेत होतो तवा पाचव्याले म्या कधी तोंड उघडलं नाई, थे लिहजा."

सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. हो म्हणाले.

आणि आता मी ते पान वाचत होते.

"थांबलीस का?" सर मागून म्हणाले. "वाच ना."

मी पुस्तक मिटलं. माइक अजून सुरू होता. माझ्या तोंडून आपोआप घरची बोली निघाली. "हे खोटं हाय. माहा बाप पाचव्याले गप राहे. त्यानं सरायले सांगलं होतं."

सरांनी अगदी प्रेमानं माझ्या हातातून माइक घेतला. लोकांना म्हणाले, मुलगी भावनिक झाली आहे, साहजिक आहे, पण कादंबरी म्हणजे काही अहवाल नव्हे, ती कल्पना असते. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सर माझ्याकडं बघून हसले. ते हसू मी विसरले नाही. वर्गात चुकलेल्या पोराला माफ करताना हसतात तसं.

माझ्याजवळ माइक नव्हता. मी तशीच बोलले.

"मंग कल्पनेतला माणूस उभा करा ना सर. माह्या बापाले शाल काऊन देल्ली?"

कुणी टाळी वाजवली नाही. मी मंचावरून उतरले. बापाच्या खांद्यावरची शाल काढली, घडी घातली, आणि पुस्तकांच्या गठ्ठ्यावर नेऊन ठेवली. बाप उठला. "चाल बाई," एवढंच म्हणाला. आम्ही मधल्या वाटेनं बाहेर आलो. दोन्ही बाजूंचे लोक आमच्याकडं बघायचं टाळत होते.

एस.टी.त तो खिडकीशी बसला. खिशातून गूळ काढला, तोंडात टाकला नाही, हातातच धरून ठेवला. घाम येऊन गूळ बोटांना चिकटला.

नंतर मी ती कादंबरी पूर्ण वाचली. शेवटी एक प्राध्यापक स्कूटरवर येतो आणि गटारात पडलेल्या गवंड्याला उचलतो. न्हाऊ घालतो, व्यसनमुक्ती केंद्रात नेतो, माणसात आणतो. प्राध्यापकाला चष्मा आहे, सरांसारखाच. गवंड्याची बायको पुस्तकभर फक्त रडते. उंबऱ्यात आडवी झोपलेली माय त्यात नाही. डॉक्टरीणबाई नाहीत. गूळ नाही. आमच्या घरचं सगळं बाहेर काढून ठेवलं आणि तिथं सर स्वतः राहायला आले. वर्तमानपत्रात लिहून आलं, की माणुसकीची कादंबरी आहे.

पण खरं नुकसान ते नव्हतं. वस्तीतल्या पोरांनी पुस्तक आणलं. ते पान हातोहात फिरलं, फोनवर फिरलं. पुढच्या रविवारी बाप विहारात गेला. पाचव्याच्या वेळी लोक त्याच्याकडं बघायला लागले. वाईट मनानं नसेल. पण बघायला लागले. एक पोरगं उचकीचा आवाज काढून पळालं. बापानं तोंड मिटलं.

त्यानंतर त्यानं ते शील पुन्हा म्हटलं नाही. पीत नव्हता, तरी नाही. काही लोकांना वाटलं, धरली वाटते परत. माय कळवळून म्हणाली, अहो, सोडेल हाय ना तुम्ही, म्हना ना.

"आता म्हनलं त लोकायले वाटन, हा पयलेबी असाच म्हने," बाप म्हणाला.

एवढी वर्षं गप्प राहून त्यानं जे कमावलं होतं, ते एका पानानं गेलं. मी त्याला म्हणायची, बाबा, आम्हाला माहीत आहे ना. तो मान हलवायचा. आम्हाला माहीत असून त्याला पुरत नव्हतं. लिव्हर आधीच गेलेलं होतं. तो गेला तेव्हा त्याच्या शर्टाच्या खिशात गूळ होता. दारू सोडल्यापासून एक थेंब त्यानं घेतला नव्हता. पुण्यानुमोदनाच्या विधीला वस्ती जमली, पंचशील झालं. पाचव्याला मायचा आवाज सगळ्यांच्या वर ऐकू आला. मला तोंडच उघडता आलं नाही.

मी आता कॉलेजात मराठी शिकवते. मागच्या महिन्यात सरांचा फोन आला. कादंबरीची नवी आवृत्ती निघते आहे, अभ्यासक्रमाला लागणार आहे. आवाज म्हातारा झालाय. झालं गेलं विसर म्हणाले, वडिलांची आठवण म्हणून प्रस्तावनेत चार शब्द लिही. मी विचारलं, ते पान बदलणार का. सर म्हणाले, अगं, तेच पान तर लोकांना सगळ्यात जास्त आवडतं.

मी नाही म्हटलं. शांतपणे म्हटलं. चीड आली नाही. वाईट फार वाटलं, त्यांचंसुद्धा.

चार शब्द मी लिहीन, पण त्यांच्या पुस्तकात नाही. माझा बाप प्यायचा, हे लिहीन. माझ्या मायला मारायचा, हे लिहीन. परात लिहीन, उंबरा लिहीन, खिशातले मुंगळे लिहीन. पाचव्याला तो गप्प असायचा, हे लिहीन. लपवणार नाही, वाढवणार नाही. यापुढं आमच्या निंबाखाली कुणी वही घेऊन आलं तर चहा मिळेल, बाप मिळणार नाही.

आणि सर, तुमचं पुस्तक जिथं जिथं शिकवलं जाईल, तिथं मी येईन. ते पान उघडीन. पोरांना सांगीन, की हे खोटं आहे, आणि खरं काय होतं तेही सांगीन.

बोलावलं नाही तरी येईन.