जुलाबाच्या दिवशी आलेलं स्थळ

माझ्यासाठी दुसरेपणाचं स्थळ चालून आलं, तेव्हा मला मॅगसल्फ या जुलाबाच्या औषधाचा पहिला डोस घेऊन बरोबर पस्तीस मिनिटं झाली होती.

गोष्ट महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली. मी नंदुरबारला एका जिनिंगमध्ये कापसाच्या गाड्यांचं वजन करायच्या कामावर होतो. (अजूनही आहे.) वय सत्तेचाळीस. बायको इंदू जाऊन तीन वर्षं झाली होती. एकुलती मुलगी लग्न होऊन बारडोलीला. घरात मी, एक ताट, एक तांब्या आणि वाट्या दोन. दुसरी वाटी मी रोज घासून का ठेवत होतो, ते मला विचारू नका.

त्या उन्हाळ्यात मला शौचाच्या वेळी रक्त पडू लागलं. पहिल्या आठवड्यात तीनदा, दुसऱ्या आठवड्यात पाचदा. माझा थोरला भाऊ असंच रक्त पडता पडता सहा महिन्यांत गेला होता. त्यामुळे मी हा विषय कुणाजवळ काढला नाही, आणि माझ्या मनातून काही तो हलला नाही. शेवटी दवाखाना गाठला. तिथे महिन्यातून एका रविवारी सुरतेहून मोठे डॉक्टर येत आणि दिव्याची नळी घालून आतडं आतून बघत. ("कुठून घालतात?" असं मी कंपाउंडरला विचारलं. त्याने माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी समजलो.) पण आतडं स्वच्छ हवं. नसलं तर डॉक्टर नळीला हात लावायचे नाहीत. पुन्हा महिनाभर थांबा. महिनाभर! मला मधले नऊ दिवसच मोजून पुरे झाले होते.

कंपाउंडरने औषधाची बाटली दिली. बाटलीवर कातरलेल्या कागदाची पट्टी, पट्टीवर दोन डोसांच्या खुणा: पहिला शनिवारी दुपारी चारला, दुसरा रविवारी पहाटे पाचला. सोबत सूचनांचा कागद. शनिवारी सकाळपासून जेवण बंद. मीठ-साखर घातलेलं लिंबाचं पाणी आणि बिनदुधाचा चहा चालेल. प्रत्येक डोसावर दोन पेले पाणी. नंतरही दर तासाला पाणी पीत राहायचं. गुण लवकर आला नाही म्हणून जास्त औषध घ्यायचं नाही. चक्कर आली तर आडवं व्हायचं आणि दवाखान्यात कळवायचं. आणि सातवी सूचना: रुग्णाने घरात एकटे राहू नये.

सहा सूचना मी डोळे मिटून पाळल्या असत्या. सातवीपाशी गाडी अडली.

"एकटा राहिलो तर औषध लागू पडत नाही का?" मी विचारलं.

"औषध लागू पडतं हो काका! पण तुम्ही कुठे पडलात, ते कोण बघणार?"

मी घरी येऊन माणसं मोजायला बसलो. डावीकडचं घर बंद. उजवीकडे एक मास्तर. त्यांचा-माझा व्यवहार रोज एका राम रामाचा, तोही सकाळी, कारण संध्याकाळी ते दुसऱ्या रस्त्याने येतात. जिनिंगमधले लोक हंगाम संपून आपापल्या गावी गेलेले. मुलीच्या मांडीवर दोन महिन्यांचं बाळ, आणि बापाने मुलीला अशा कामासाठी बोलवायचं? बेरीज शून्यावर येऊन ठेपली, तेव्हा इंदूचा धाकटा भाऊ आठवला. उखाभाऊ. तापीकाठी त्याची केळी आणि ऊस. बहीण होती तोवर दर महिन्याला फण्या घेऊन येणारा हा माणूस तिच्यामागे एकदाही आला नव्हता. भांडण नव्हतं. यायचं निमित्त गेलं होतं, इतकंच.

त्याला पोस्टकार्ड लिहायचं ठरवलं. अडचण अशी की, त्यांच्या गावचा पोस्टमन कार्ड आधी पारावर वाचतो आणि मग घरी देतो. त्यात जुलाब, संडास, नळी हे कसं लिहायचं? आणि मला खोटं लिहिता येत नाही. वजनाच्या कामाने लागलेली सवय! तेव्हा मी अत्यंत विचारपूर्वक लिहिलं:

"एकट्याने घरात राहणे डॉक्टरांच्या मते आता योग्य नाही. तरी येत्या शनिवारी मुक्कामाला अवश्य यावे. कारण चारचौघांत लिहिण्यासारखे नाही. समक्ष बोलू."

एकही शब्द खोटा नव्हता. दोनदा तपासून कार्ड पेटीत टाकलं.

शनिवारी चारच्या ठोक्याला मी पहिला डोस घेतला. चवीबद्दल लिहीत नाही. समुद्र आटवून त्यात कडुलिंब पिळला तर अंदाज येईल. दोन पेले पाणी प्यायलो आणि दाराकडे डोळे लावून बसलो. चार पस्तीसला टांगा थांबला. उखाभाऊ उतरला. डोक्याला नवी टोपी! त्याच्यामागून फडक्यात बांधलेली दुरडी उतरली. आणि तिच्यामागून एक अनोळखी गृहस्थ: कोट, काठी, भरघोस मिशा.

"राम राम पाव्हना!" आमच्या अहिराणीत बहिणीच्या नवऱ्याला पाव्हना म्हणतात; उखाभाऊने मला कडकडून मिठी मारली. (त्या अवस्थेत पोटावर दाब येणं बरं नव्हतं.) "ह्या विसरवाडीना तात्या. घर दखाले उनात!"

मला वाटलं, तात्यांना नंदुरबारात घर विकत घ्यायचं आहे. मी म्हटलं, "मन्हं घर विकानं नही."

तात्या गडगडाटी हसले. उखाभाऊही हसला. मग तात्या घरभर हिंडले. तुळया पाहिल्या, कौलं पाहिली, स्वयंपाकघरात जाऊन डबे उघडले.

"दोनच वाट्या?" त्यांनी विचारलं.

"एक जादा शे," मी म्हटलं.

हे उत्तर त्यांना फार आवडलेलं दिसलं. ते माझ्यासमोर बसले आणि म्हणाले, "तब्येत कशी शे?"

मी घड्याळाकडे पाहिलं. "उद्या सकायले नऊ वाजता सांगसू."

तात्यांच्या मिशा थबकल्या. पण त्यांनी पुढे काही विचारायच्या आत माझ्या पोटात मालगाडीचे डबे एकमेकांवर आदळावेत तसा आवाज झाला, आणि मी उठलो. आमचा संडास परसाच्या टोकाला, घरापासून बेचाळीस पावलांवर. त्या दिवशी तेवीस लागली.

परत आलो तर दुरडी उघडलेली! उखाभाऊच्या बायकोने पहाटे उठून खापरावर केलेले पुरणाचे मांडे. पांढरेशुभ्र, रुमालासारखे दुमडलेले. तीन वर्षांत मी मांडा पाहिला नव्हता. एका माणसासाठी कुणी खापर तापवत नाही.

"बठा पाव्हना, जेवाले बठा!"

"तुम्ही जेवा. माले चालत नही."

"काबरं? आमना घरनं चालत नही?"

"आज काहीच चालत नही. लिंबूपानी चालस."

"एक घास ल्या! मांडासले नही म्हनतस?"

त्याचा चेहरा उतरला. मांडा समोर, माझ्या तोंडाला पाणी. एक घास घेतला तर उद्याची नळी हुकणार, नाही घेतला तर आलेलं माणूस हुकणार. काय करावं, याचा मी विचार करत होतो, पण निर्णय पोटाने घेतला. मी पुन्हा परसाकडे पळालो.

या वेळी पाठोपाठ पावलं वाजली. उखाभाऊ पत्र्याच्या दारापाशी येऊन उभा राहिला.

"पाव्हना, आसं काय करतस? तात्या काय म्हनतीन?"

"कोन शेतस हाई तात्या?" मी आतून ओरडलो.

"पोरना काका! पस्तीस वरीसनी शे, मायबापनं करता करता लगन ऱ्हाई गयं. सोभावनी गरीब शे."

"कोनं लगन?"

"तुम्हनं!"

मी आत होतो म्हणून बरं. दुसरीकडे कुठे असतो तर फजिती झाली असती.

"तुम्हीनच तं लिखं ना!" तो बाहेरून म्हणाला. "एकटं ऱ्हानं डाक्टरले पसंत नही. चारचौघासमा सांगता येत नही. आख्खा गावनी वाचं! समदा म्हनले, बरं व्हयनं, बिचारानी सोताहून तोंड उघाडं!"

"भाऊ, मी जुलाबनं औषध पेयेल शे!"

"काय?"

"जुलाब! उद्या सकायले डाक्टर नळी घालीसन आतडं दखतीन. माले रगत पडस. डाक्टरनी सांगं, औषध लिधं का घरमा एकटं ऱ्हावानं नही. म्हनीसन तुले बलायं."

पत्र्याच्या दारापलीकडे पावलं मागे सरकल्याचं ऐकू आलं. मला वाटलं, गेला.

"कितला दिन व्हयनात?" आवाज बारीक झाला होता.

"एकवीस."

"आनि माले आते सांगतस? तुम्हना मोठा भाऊनं दखेल शे ना मी."

मी टमरेल उगाच सरकवलं.

"माले वाटनं," तो म्हणाला, "बहीन गई, आते पाव्हनाले आमनं काय काम?"

"माले वाटनं, तुले मन्हं काय काम."

माझ्या वयाच्या माणसाने डोळे पुसावेत अशी ही जागा नव्हे. तरी पुसले. आणखीही काही बोलणार होतो, पण औषधाने माझ्याआधी तोंड उघडलं आणि संभाषण तिथेच संपलं.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, तात्यांना खरं सांगून टाकू. उखाभाऊने हात धरला. "बिलकूल नही! विसरवाडीना नाकावर कामले शेतस त्या. येती-जाती दरेक मोटरमा सांगतीन, नंदुरबारना पाव्हनाले रोग शे. तुम्ही गप ऱ्हावा. मी सांभायस."

त्याने सांभाळलं ते असं. पुढच्या वेळी मी पळालो, तेव्हा त्याने तात्यांना सांगितलं, तुळशीला पाणी घालायला गेले. त्याच्या पुढच्या वेळी, पुन्हा तुळशीला. (उन्हाळा आहे!) मग, भिंतीवरचं मांजर हाकलायला. मग बिचाऱ्याची अक्कल संपली असावी. मी परतलो तेव्हा तात्या काठी घेऊन उभेच होते.

"चाला, गाय दाखाडा!"

"कोनती गाय?"

"जिले तुम्ही चारा टाकाले गयतात!"

मी उखाभाऊकडे पाहिलं. तो दुरडीकडे पाहत होता. मला खोटं बोलता येत नाही. मी म्हटलं, "मन्हाकडे गाय नही."

"मंग चारा कोनले टाका?"

या प्रश्नाला खरं उत्तर एकच होतं आणि ते द्यायची मनाई होती. पोटात पुन्हा मालगाडी निघाली. "येस आते," एवढं म्हणून मी दुसऱ्यांदा नसलेल्या गायीकडे धावलो.

तात्या सात पन्नासला निघाले. तोवर मी दर तासाचं पाणी एकदाही चुकवलं नव्हतं. चक्कर आली नव्हती, तरी मी आडवा झालो. उखाभाऊ बाजेशेजारी बसून पेला भरून हातात देत होता आणि सूचनांचा कागद दिव्याजवळ धरून एकेक ओळ मोठ्याने वाचत होता. सातव्या सूचनेपाशी येऊन तो थांबला. "हाई बराबर लिखेल शे," म्हणाला. पहाटे पाचला मला हाक मारायची गरज पडली नाही; मी आधीच जागा होतो, आणि तोही.

सकाळी सुरतेच्या डॉक्टरांनी नळीतून बराच वेळ पाहिलं. मी भिंतीवरच्या फरश्या मोजत होतो. त्र्याण्णवाव्या फरशीला ते म्हणाले, "पोट इतकं स्वच्छ करून येणारा पेशंट मी फार कमी पाहतो."

"आत काय आहे, साहेब?"

"मूळव्याध. बाकी काही नाही."

बाहेर येऊन मी उखाभाऊला सांगितलं. त्याने नवी टोपी काढली, तोंड पुसलं, पुन्हा घातली. मग घरी जाऊन आम्ही दोघांनी शिळे मांडे खाल्ले. डॉक्टरांनी हलकं खायला सांगितलं होतं, म्हणून मी एकच खाल्ला. उखाभाऊने चार.

तेव्हापासून तो दर महिन्याला येतो, केळीच्या फण्या घेऊन. पहिल्या खेपेला आला तेव्हा बराच वेळ चुळबुळत बसला. मी म्हटलं, "काय शे ते सांगी टाक."

"तात्यासनं उत्तर उनं. नही म्हनतस."

मला लग्न करायचंच नव्हतं. तरी कारण विचारल्याशिवाय राहवेना. "मांडा खाद्या नहीत म्हनीसन?"

"नही."

"गायना पायी?"

"नही. म्हनले, मानूस भला शे, खरं बोलस. पन घरमा ठरत नही. जो मानूस घरमा ठरत नही, तेले पोर कशी देवानी?"

मला भयंकर राग आला! मी घरात टिकत नाही? तीन वर्षं जिनिंग सोडलं तर या चार भिंतींबाहेर माझं पाऊल नाही! तात्यांचं म्हणणं आकड्यांनिशी खोडून काढावं, म्हणून मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. तात्या आमच्याकडे होते एकशे पंचाण्णव मिनिटं. माझ्या परसातल्या फेऱ्या अकरा, दर फेरीला सरासरी अकरा मिनिटं, एकूण एकशे एकवीस. वजा जाता घरात मी चौऱ्याहत्तर मिनिटं. दोनदा पडताळून पाहिलं. मग मी उखाभाऊला सांगितलं की, तात्यांना कळव, त्यांचा हिशेब बिनचूक आहे.