बनकर सरांचा गुण्या

बनकर सरांच्या शोकसभेत मी त्यांना प्रेमळ म्हणालो. माइक हातात आला, समोर सरांच्या पत्नी, शेजारी हार घातलेला फोटो... निघून गेलं तोंडातून. मागच्या रांगेत माझ्या बॅचच्या कुणाला तरी ठसका लागला. बाईंनीसुद्धा मान वर करून पाहिलं, हा नेमका कुणाविषयी बोलतोय म्हणून.

महिना होऊन गेला. आता लेखी दुरुस्ती करतो. बनकर सर प्रेमळ नव्हते. आयटीआयला फिटर ट्रेडचे ते आमचे निदेशक. शाळेतले गुरुजी रडणाऱ्याचं नाक पुसतात, कॉलेजातले प्राध्यापक फळ्याकडं तोंड करून तास संपवतात, क्लासवाले सर चौकातल्या फ्लेक्सवर हसतात. निदेशक म्हणजे शेजारी उभं राहून हाताला वळण लावणारा, असा माझा समज होता. सरांनी त्यातलं उभं राहणं तेवढं उचललं. आम्ही लोखंडाचा तुकडा कानशीनं घासून सपाट करायचा; ते त्याला काटकोन तपासायचा गुण्या लावून खिडकीकडं धरायचे. फटीतून उजेड दिसला, की तो तुकडा, म्हणजे आमचा जॉब, भंगारात. कुठं चुकलं, ते विचारायची सोय नव्हती. फुलंब्रीहून रामेश्वर यायचा, माझ्यापेक्षा हात बरा होता त्याचा. सरांनी त्याचा जॉब खिडकीबाहेर फेकला, "म्हशी राख जा" म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून तो आलाच नाही. सर वारले म्हणून हे मी माफ करणार नाही.

पुढं मीही निदेशक झालो आणि ठरवलं, काहीही होऊ, बनकर व्हायचं नाही. आवाज चढवायचा नाही, पुन्हा पुन्हा समजावायचं, तरी जमलं नाही तर 'आण इकडं' म्हणून आपणच घासून द्यायचं. पोरं खूश, मी त्याहून खूश. आणि एका वर्षी बाहेरचे परीक्षक म्हणून आले ते बनकर सर. टेबलावर पोरांचे वर्षभराचे जॉब मांडलेले. एकेक उचलून गुण्या लावला, खिडकीकडं धरला. प्रत्येकात त्याच कोपऱ्यात उजेड.

"हे सगळे तूच घासले," सर माझ्या पोरांसमोर म्हणाले. "डावीकडं दाबायची खोड अजून गेली नाय तुझी."

म्हणजे माझी खोड या माणसाला तेव्हापासून माहीत होती! दोन शब्दांत सांगता आली असती. सांगितली ती अशी, भर वर्गात. मग त्यांनी पोरांना प्रत्यक्ष घासायला लावलं आणि निम्मी नापास केली.

त्यातलाच सिद्धार्थ नंतर पुंडलिकनगरला सरांच्या घरी शिकायला जात होता म्हणे. आता कंपनीत टूलरूमला आहे, केसाएवढी फट चालत नाही तिथं. सभा संपल्यावर तो चपला घालताना भेटला. निदान हा तरी माझ्या बाजूनं बोलेल, असं वाटलं. विचारलं, शिव्या खाल्ल्या असतील ना?

"लई खाल्ल्या, सर."

"मग माझ्याकडं काय वाईट होतं रे?"

त्यानं खरंच आठवून पाहिलं.

"वाईट काहीच नव्हतं. चहा चांगला भेटायचा तुमच्याकडं."