डाव्या कोपऱ्यातल्या दोन खाचा

माझी कार्डं क्लबच्या कोचने बदलली आणि सेक्रेटरीच्या सुनेच्या नावावर लावली. फसवलं त्यांनी. फसले मी. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको की बाईने गोष्ट रंगवत नेली आणि शेवटी आरोप ठोकला.

कार्ड म्हणजे नेमबाजीचा कागद. मधे काळं वर्तुळ, त्यात बारीक कड्या, आणि अगदी मधोमध शर्टाच्या बटणाएवढा दहा गुणांचा ठिपका. तो पन्नास मीटरवर लावतात. गोळीची भोकं कुठे पडली त्यावर तुमची लायकी ठरते.

निकालाचा रविवार. विरार पूर्वेला डोंगराच्या पायथ्याशी क्लबची रेंज आहे. पत्र्याच्या शेडखाली खुर्च्या मांडलेल्या. कोच सरांनी राज्य स्पर्धेला जाणाऱ्यांची नावं वाचली. माझं नव्हतं. मी उभी राहिले. विचारलं, "सर, माझे किती झाले?"

सरांनी कागदाकडे बघितलंसुद्धा नाही.

"मावशी, मासळी निवडायला डोळे लागतात. नेमाला नजर लागते."

सगळे हसले. एकाच्या हातातला चहा सांडला, इतका हसला. आणि मीही हसले. त्यांच्याबरोबर, माझ्यावर. त्याची मला अजून लाज वाटते. बाकी कशाची नाही.

मावशी म्हणे. मी अडतीस वर्षांची. सेक्रेटरींच्या सूनबाई बेचाळीसच्या. त्या मॅडम, मी मावशी. दोन वर्षं मला तिथे कुणी नावाने हाक मारली नाही. मासळी विकणारी बाई म्हणजे जन्मतःच मावशी.

मी वसईच्या पाचूबंदरची. वडिलांची होडी गेली तेव्हा मी सोळा वर्षांची होते. आधी डोक्यावर टोपली, मग सायकल, मग टेम्पो. आज वसई-विरारची दहा-बारा हॉटेलं माझ्याकडून मासळी घेतात. हे मला कुणी दिलेलं नाही. लिलावात ढीग बघून मी वजन सांगते, आणि काटा लावला की तेवढंच निघतं. माझा धंदा माझ्या डोळ्यांवर चालतो. कुणाच्याही काट्याखाली हात घालून बघितल्याशिवाय मी माल उचलत नाही. काट्याखाली चुंबक सापडलंय मला. ओला गोणपाट सापडलाय. एकदा तर काटेवाल्याचा अंगठा सापडला.

असली मी. आणि मीच फसले.

क्लबच्या जेवणाला सुरमई पोचवायला गेले होते, तेव्हा पहिल्यांदा रेंज बघितली. एक माणूस जमिनीवर पालथा पडून लांबवर नेम धरत होता. एवढी माणसं, आणि कुणी बोलत नव्हतं. माझं सगळं आयुष्य ओरडण्यात गेलेलं. लिलावात ओरडा, गिऱ्हाइकावर ओरडा, बर्फवाल्यावर ओरडा. ती शांतता बघून माझं टाळकंच थंड झालं. मी तिथेच विचारलं, बाईमाणसाला शिकवता का? घासाघीस केली, फी भरली, आत आले.

रविवारी चर्चमध्ये पहाटेचा मिस्सा ऐकायचा आणि थेट रेंज गाठायची. आईने पहिल्या दिवशी विचारलं, "कोनाला मारनार गं बाय तू? पापलेट काय झाडावर बसतो?" बंदरावरच्या बायकांना वर्षभर हसायला तेवढं पुरलं.

लांबच्या नेमाला तीन आसनं असतात. पालथं पडून, एका गुडघ्यावर बसून, आणि उभ्याने. सुरुवात पालथ्याने. क्लबच्या चटया होत्या. माझ्या वाटेला आली नाही. सर म्हणाले, "तुम्ही आपली घरून आणा. इतरांना वासाचा त्रास होतो." मी धुतलेली साडी नेसून, मिस्सा करून आलेली. तरी वास. मी होडीवरची जुनी ताडपत्री आणली, चौपदरी केली आणि तिच्यावर पडले. कोपरं सोलवटली. मग घट्टे पडले. मग कळेनासं झालं.

बंदुकीच्या पुढच्या टोकाला नेमाची खूण असते, तिला माशी म्हणतात. सरांना तेवढा विनोद बास होता. "मावशी, मासे सोडा, माशीकडे बघा." दर रविवारी. तेच. तेच.

पण काम मला कळायला लागलं. चाप ओढायचा नाही, दाबायचा. मासा ताजा आहे का बघताना बोटाचं पेर जसं टेकवतो, तितकंच. श्वास सोडायचा आणि पुढचा घ्यायच्या आधी जी रिकामी जागा असते, तिथे थांबायचं. सकाळी वारा डोंगराकडून समुद्राकडे जातो आणि ऊन चढलं की उलटा फिरतो, हे मला कुणी शिकवायला नको होतं. रेंजवरचा वाऱ्याचा झेंडा हलायच्या आधी माझ्या मानेला कळायचं. गुडघ्यावरचं आसन तर मला घरचंच. सहा वर्षांची असल्यापासून मिस्साला गुडघे टेकतेय. घोट्याखाली चिंध्यांची उशी ठेवली की मी तासभर हलत नसे.

आता लक्ष द्या.

पहिलं. भोकं बघायला तिथे दुर्बीण असते. मला लावू दिली नाही. "नवशिक्यांचं लक्ष उडतं." मॅडम माझ्यानंतर चार महिन्यांनी आल्या, त्यांना पहिल्या दिवसापासून दुर्बीण.

दुसरं. कार्डं परत द्यायची नाहीत, ऑफिसात जमा करायची. मार्क सर तोंडी सांगणार. "मावशी, सहा-सात लागतायत."

तिसरं. कार्डामागे नाव लिहायचं ते पेन्सिलने. पेनाने नाही. नियम.

मला कुणी पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी दिली तर मी तिने बर्फाचा खोका पुसते. आणि इथे दोन वर्षं मी मुकाट्याने पेन्सिल हातात घेतली. का? कारण सर शिकलेले, इस्त्रीचे कपडे, बोलताना आवाज चढत नाही. आवाज न चढवणाऱ्या माणसाच्या काट्याखाली मी हात घातला नाही. माझी चूक तेवढी.

वर्षभराने सर म्हणाले, "तुमच्या उजव्या डोळ्यात दोष असणार. या वयात होतं. पालथ्यावरच राहा, उभ्याने मारणं तुमच्या अंगाला झेपायचं नाही." मी वसईत डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी सगळी अक्षरं वाचून घेतली. म्हणाले, "बाई, डोळे उत्तम आहेत." माझा विश्वास बसला नाही. दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. तेही तेच म्हणाले. मग मला वाटलं, दोष डोळ्यात नाही, माझ्यातच कुठेतरी आहे.

त्याचं काय झालं सांगते. लिलावात ढिगासमोर उभी राहिले आणि वजन तोंडातून येईना. बरोबर दिसतंय का मला? तेवढ्यात दुसरीने बोली मारली. एकदा झालं, दोनदा झालं. एक म्हातारी ओरडली, "काय गं, बंदूक मारून मारून आंधली झाली काय?" बंदर हसलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा मी हात हलवत घरी आले. सरांनी माझं काय नेलं ते तिथे बघा. कागद नंतर.

हट्टाने उभ्याचं आसन मी घरीच शिकले. वल्ह्याच्या दांड्याला जाळ्याची शिसं बांधली, बंदुकीच्या वजनाइतकी. गच्चीवर उभी राहून खाडीतल्या एका डोलकाठीवर धरायचे. पहिले पंधरा दिवस हात थरथरत. मग एक दिवस डोक्यावरची टोपली आठवली. भरलेली टोपली मानेच्या जोरावर उचलत नाहीत, हाडांवर ठेवून देतात. कंबर थोडी पुढे, डावं कोपर बरगडीला टेकलं, आणि सगळं वजन हाडांनी पायात सोडलं. वल्हं थांबलं. डोलकाठी हलत होती, मी नव्हते.

निवडीला तीन आसनांची दोन-दोन, म्हणजे सहा कार्डं मारायची होती. मी उभी राहिले तेव्हा सर म्हणाले, "हौस आहे तर भागवा." मी भागवली. आणि पुढच्या रविवारी निकाल, तो डोळ्यांचा आणि नजरेचा विनोद, आणि माझं हसणं.

सगळे नाश्त्याला गेले. ऑफिसच्या व्हरांड्यात काचेचा फळा आहे, त्यात निवडलेल्यांची कार्डं लावतात. मी तिथे गेले. भांडायला नाही, देवाशपथ. चांगला नेम कसा दिसतो ते बघायला गेले. शिकायला.

मॅडमच्या नावाखाली सहा कार्डं. भोकं अशी जवळजवळ, की दोन-तीन मिळून एकच झालेली. मला खरंच कौतुक वाटलं. मग ऊन तिरकं आलं आणि कार्डाच्या डाव्या कोपऱ्यात काहीतरी चमकलं.

लिलावात घेतलेल्या मालावर प्रत्येक बाई आपली खूण करते. कुणी चिंधी बांधते, कुणी शिंपला ठेवते. माझी खूण दोन तिरक्या खाचा. टोपलीच्या काठावर, बर्फाच्या खोक्यावर, घरच्या पाटावर, चपलेच्या टाचेवर. हातात आलेली वस्तू माझी म्हटली की अंगठ्याचं नख आपोआप चालतं. कार्डावरही चाललं होतं. दर वेळी. मला आठवतसुद्धा नव्हतं.

सहाही कार्डांवर डाव्या कोपऱ्यात दोन तिरक्या खाचा. उभ्याच्या दोन्ही कार्डांवरसुद्धा.

नाव पुसता येतं. नख पुसता येत नाही.

बाजूला लोखंडी वजन पडलेलं होतं. ते माझ्या हातात कधी आलं कळलं नाही. काच फोडणार होते. मग श्वास सोडला आणि त्या रिकाम्या जागेत थांबले. काच फुटली असती तर उद्या गावभर झालं असतं की बंदरावरच्या बाईने दंगा केला, आणि त्या गडबडीत कार्डं नाहीशी झाली असती. वजन खाली ठेवलं. मोबाइल काढला. सहाही कार्डांचे फोटो घेतले, कोपऱ्यांचे जवळून. मग हाक मारली. ती मात्र बंदरावरची हाक होती.

सेक्रेटरी आले. मागे मॅडम. मी काचेवर बोट ठेवून खाचा दाखवल्या, ही कार्डं माझी म्हणून सांगितलं. मॅडम हातमोज्याचा धागा उपटत म्हणाल्या, "मला यातलं काही माहीत नाही हं. सर म्हणाले नाव द्या, मी दिलं." आणि परत आत गेल्या.

मी म्हटलं, "कार्डं बाहेर काढा."

"काचेची किल्ली नाही."

"कोणाकडे आहे?"

"सरांकडे."

"सर कुठे?"

"सर गेले."

सरांची गाडी समोर आंब्याखाली उभी होती.

सेक्रेटरींनी आवाज मऊ केला. "हे बघा मावशी, कागद इकडचे तिकडे होतात कधी. पुढच्या वर्षी तुमचं नाव पहिलं. आणि क्लबच्या सगळ्या जेवणांची मासळी यापुढे तुमच्याकडूनच. बोला."

ते "बोला" मी चांगलं ओळखते. दिवसातून पन्नास वेळा मीच म्हणते. आणि "बोला" म्हटल्यावर मी बोलले नाही, असं आजवर झालेलं नाही. त्या दिवशी झालं. भाव सांगितला नाही, भाव ऐकला नाही.

एवढंच म्हटलं, "मावशी कोणाला म्हणता? तुमच्या सुनेपेक्षा लहान आहे मी."

फाटकाबाहेर एक माणूस माझ्या टेम्पोजवळ थांबला होता. रेंजवर काम करणारा. म्हणाला, "बाय, मी पाहिलंय. खोडरबर पन पाहिलाय. पन माझं नाव कुठं घेऊ नको." माझ्या मनात आधी आलं, ह्याला कुणी पाठवलं? असं झालंय माझं आता. त्याच्या तोंडाकडे बराच वेळ बघितलं. त्याला दोन पोरं आहेत आणि नोकरी रोजंदारीची. नाव घेणार नाही. जबाब त्याने द्यायचा नाही, ज्यांनी केलं त्यांनी द्यायचा.

त्यानंतर मी क्लबला तीन पत्रं दिली. पेनाने. पोच घेतली. एकाचंही उत्तर नाही. सर भेटत नाहीत. फोन उचलत नाहीत. माझी ताडपत्री शेडमधून कुणीतरी बाहेर फेकली, ती मी परत नेऊन जागेवर अंथरली. दर रविवारी मी त्या काचेसमोर जाऊन उभी राहते. कार्डं अजून आत आहेत. काढली तर का काढली विचारेन, ठेवली तर कुणाची विचारेन.

लिलावातली माझी बोली परत आली आहे. ढीग बघते, वजन सांगते, तेवढंच निघतं. ती मी माझी परत आणली, तुम्ही दिली नाहीत.

म्हणून आता तुमच्याकडून हवं ते ऐका, सर. मला पदक नको. पुढचं वर्ष नको. जेवणाची ऑर्डर नको. ज्या शेडखाली तुम्ही मला हसवलंत, त्याच शेडखाली, त्याच माणसांसमोर, काच उघडा. सहा कार्डं टेबलावर ठेवा. मी डाव्या हाताच्या अंगठ्याचं नख कापलेलं नाही. खाचांवर ठेवून बघा, जुळतं का. आणि मग तोंडाने सांगा, त्या दोन वर्षांत कुणाच्या डोळ्यात दोष होता.

माझं नाव घेऊन सांगा. तुम्हाला ते माहीत आहे. तुम्हीच खोडलंय.