बुधरीचं झाड

चामोर्शीच्या पलीकडच्या जंगलात बिरजू मडावी उन्हाळाभर वणवे विझवायचं काम करायचा. जंगू आणि पोचू त्याच्या सोबतीला. रोजंदारीचंच काम, पण अंगावर खाकी सदरा होता आणि बिरजूला त्याचा भारी अभिमान. सदरा घालून तो लग्नालाही जायचा.

तिकडच्या बऱ्याच आगी कशा लागतात, ते शेंबडं पोरही सांगेल. मोहाची फुलं वेचायला झाडाखालची जमीन मोकळी लागते, म्हणून लोक पाचोळा पेटवतात. कधी ती आग हाताबाहेर जाते. विनोद नावाचा जुना वनरक्षक होता, शहाणा माणूस. आगीची खबर आली की तो त्याच गावच्या माणसांना कधी पाठवत नसे. बिरजूला लांबच्या गावी धाडायचा आणि लांबच्यांना बिरजूच्या गावी. कुणावर आपलंच माणूस पकडायची पाळी येऊ नये, एवढाच त्याचा विचार.

दोन हजार आठच्या उन्हाळ्यात वनखात्याच्या ऑफिसात कॉम्प्युटर बसला. आता आग वरून उपग्रहाला दिसायची, आणि ज्या तुकडीच्या हद्दीत ती असेल तिच्या मोबाइलवर आपोआप निरोप जायचा. साहेबालाही जायचा. मधे विनोदला काही काम उरलं नाही. त्या यंत्रावर माझा राग नाही, ते बिचारं सांगितलेलं करत होतं. पण विनोदला कुणी एका शब्दानं विचारलं नाही, याची मला अजून चीड येते.

चैत्रातल्या एका दुपारी निरोप बिरजूच्याच तुकडीला आला. धुराच्या दिशेनं धावता धावता त्याच्या ध्यानात आलं, धूर बुधरीच्या मोहाकडून येत होता.

बुधरी त्याची थोरली बहीण. नवरा गेल्यावर ती माहेरी परतली, तेव्हा बापानं गाव गोळा करून सांगितलं होतं की हे झाड बुधरीचं. कागद नाही, शिक्का नाही. गावासमोर तोंडातून निघालं की झालं, तिथे असंच चालतं. त्याची फुलं वाळवून ती बाजारात विकायची आणि त्यावर पोट भरायची.

आग विझेपर्यंत खात्यानं लावलेला बांबू जळून गेला. साहेब जीपनं आला, गाव बोलावलं आणि झाड कुणाचं ते विचारू लागला. कुणी तोंड उघडेना. तेव्हा तो म्हणाला की इथे फुलं वेचणाऱ्या सगळ्या बायकांना गाडीत घालतो. बुधरी पदर सावरून पुढे निघाली, तसा बिरजू तिला आडवा आला.

"साहेब, झाड माहा हाय. आग म्याच लावली."

सदरा तिथेच काढून घेतला गेला. मग कोठडी, मग जामीन.

बिरजू गावी परतला तेव्हा फुलं अजून गळत होती. झाडाखाली त्यांचा थर साचून आंबला होता. बुधरीची टोपली दाराशी पालथी पडलेली. तिनं त्याला पाणी दिलं, जेवू घातलं. न राहवून त्यानं विचारलं, "फुलं काऊन नाई वेचत, बाई?"

"तुहं झाड हाय ते. गावासमोर बोललास तू."

ते तुझ्यासाठीच बोललो, असं सांगताना तो रडला. ते तिलाही ठाऊक होतं.

"मंग जाय," ती म्हणाली, "गावाले बोलाव अन् सांग, झाड बुधरीचं हाय म्हणून."

बिरजू उठला नाही. कसा उठणार? गावातलेच चौघे खटल्यात साक्षीदार, आणि गावासमोर झालेलं बोलणं ते कोर्टात लपवणार नाहीत. आज गावाला खरं सांगितलं, तर उद्या शिपाई बुधरीच्या दाराशी.

बुधरी आता वीटभट्टीवर विटा वाहते. तारीख आली की बिरजू एसटीनं कोर्टात जातो आणि झाड आपलंच असल्याचं पुन्हा सांगतो. त्या मोहाची फुलं मात्र त्यानंही कधी वेचली नाहीत. ती रानडुकरं खातात.