सतरा इंची चाकं

"पाछळ कोण बेसे, बेन?" दुकानदाराने विचारलं. कारच्या मागच्या सीटवर कोण बसतं?

"कोणी नाही," मी म्हणाले.

खोटं बोलले. दर रविवारी तिथे माझे वडील बसायचे. भेस्तानच्या आमच्या घरापासून कडोदऱ्यापर्यंत मी त्यांना न्यायचे. तिथे यंत्रमाग कामगारांची बैठक भरते आणि काम सुटल्यापासून वडिलांना आठवडाभर वाट पाहावी असं तेवढंच उरलंय. जन्मभर मागासमोर उभं राहून त्यांची पाठ गेली. म्हणून ते मागे, जरा लवंडून बसत.

दुकानदार भला होता. रिम मोठी घेतली तरी चाकाची एकूण उंची तेवढीच ठेवावी लागते, म्हणजे रबर बारीक होतं आणि खड्डा थेट आत येतो, हे त्याने टायरवर बोट ठेवून दाखवलं. "पंधरा इंच लई लो ने, बेन. सतरा तो शोख छे." पंधराच घ्या, सतरा म्हणजे नुसती हौस.

मला सतराच हवी होती. आमच्या घरात गोष्टींच्या पुस्तकांआधी कामगारांच्या मागण्यांची पत्रकं आली. अक्षरं मी त्यांच्यावरच गिरवली. त्यामुळे कशाच्याही बाजूने मुद्दा मांडता येतो. मालकाच्या पोराच्या गाडीला एवढाली चाकं आणि कामगाराच्या पोरीच्या गाडीला वाटीएवढी? आपण कायम लहानच दिसायचं का? असं मी स्वतःलाच ठणकावून सांगितलं. खरं कारण असं की ती काळी, चकचकीत चाकं मला फार आवडली होती.

रविवारी नव्या चाकांवर निघालो. पहिल्याच गतिरोधकावर मागून हुंकार आला. नंतर हसणं.

"काय गं, खाली पॅड घालायला विसरलीस का?"

मीही हसले. पुढच्या वळणावर हसू गिळलं.

मागाच्या पायांखाली रबरी पॅड नसले तर हादरा फरशीतून उभ्या माणसाच्या पाठीत चढतो. कॉलेजात असताना मी लिहिलेलं पहिलं पत्रक त्याच मागणीचं होतं. वडील सांगत होते, मी लिहीत होते. त्यातली एक ओळ मात्र माझी: "मालक मागासमोर उभा राहत नाही, म्हणून त्याला हादरा कळत नाही." ती वडिलांनी माझ्याकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतली होती. पॅड कधी आले नाहीत. आणि आता त्यांच्याच खालचं रबर मी काढून घेतलं होतं.

पुढच्या रविवारी ते लवकर उठले. "आज तू आराम कर," म्हणाले आणि बाहेर पडले. मी गॅलरीतून पाहिलं. शेअर रिक्षात दोन माणसांच्या मध्ये, पिशवी मांडीवर घेऊन, ते अंग चोरून बसले होते. गाडी खाली उभी होती. धुतलेली.

परत आल्यावर मी विचारलं, "गाडीत त्रास होतो ना?"

"माले काही नई व्हत," ते म्हणाले. लाज राखायची असली की ते अहिराणीत बोलतात. "तुनी गाडी चांगली शे."

माझी लाज राखायला ते खोटं बोलले. मी दुकानात बोलले होते ते चाकांसाठी.

सोमवारी दुकानात गेले. दुकानदाराने हसत विचारलं, "केम, मजा आवी?" मी चावी त्याच्या हातात दिली.

"तुम्ही चालवा. मी मागे बसते."

त्याला काही कळेना, पण त्याने गाडी काढली. मी वडिलांच्या जागी, त्यांच्यासारखीच लवंडून बसले. स्टिअरिंग धरून बसलेल्याला खड्डा आधी दिसतो, तो अंग सावरतो. मागे काहीच दिसत नाही. गतिरोधक आला आणि ठोका कमरेतून थेट मानेत गेला. माझी पाठ तर धडधाकट आहे.

"बस, थांबा," मी म्हणाले. "जुनीच चाकं लावा."

त्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं.

"मागे माझे वडील बसतात."