कापाले कोनालेई येते

कोशाच्या रेशमी धाग्यात गाठ आली की दादा माग थांबवायचे, गाठ नखाखाली धरून हळूहळू चोळायचे आणि म्हणायचे, "कापाले कोनालेई येते. जोडते कोन?" कात्री हाताशीच असायची. ती उचललेली तुम्हाला क्वचितच दिसली असती.

दादा मोहाडीतले विणकर, माझे शेजारी. जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला तेव्हा तिकडं जावं लागू नये म्हणून मी इथल्या सरकारी दवाखान्यात बदली मागून घेतली होती. मी कंपाउंडर, म्हणजे आळीच्या लेखी अर्धा डॉक्टर. सारा घोळ तिथंच झाला.

विणता विणता दादांना घेरी यायला लागली. विचारलं की म्हणायचे, "काही नाही बा, उपाशी होतो." एकदा मागावरच मान टाकून पडलेले सापडले, तेव्हा मी रागारागानं त्यांना नागपूरला नेलं.

तिथल्या डॉक्टरांनी कागदावर हृदय काढून दाखवलं. आतली मांसाची भिंत जाड झालेली, त्यामुळं रक्त बाहेर पडायची वाट अडलेली. उपाय दोन. छाती उघडून, हृदय थांबवून जाड मांस तासून काढायचं. नाहीतर जांघेतून बारीक नळी घालून त्या मांसाला रक्त देणाऱ्या शिरेत थोडं अल्कोहोल सोडायचं. तेवढा भाग मरतो आणि भिंत आकसते.

"हे नळीचंच बरं," दादा म्हणाले. "गाठ चोळून बसवाची."

पण त्यांची झडपही बिघडली होती आणि ती शीर नेमक्या जागी पोचत नव्हती. डॉक्टर म्हणाले, "तुमच्यासाठी ऑपरेशनच. तोवर माग बंद."

दादांनी माझ्याकडं पाहिलं. "कापलं, तं जोडते कोन?"

दादांची बायको, म्हणजे वहिनी, सोबत आल्या होत्या, दाराशी उभ्या होत्या. नवा ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, चढवताना त्याचा एकेक धागा जुन्या टोकाला पिळून जोडायचं काम जन्मभर त्यांचंच. त्या म्हणाल्या, "कापू द्या. जोडाले मी आहो ना."

दादा हो म्हणाले.

तारीख मिळाली. मागावर मात्र एका नवरीचं लुगडं अर्धं होतं, आणि अर्धं लुगडं ठेवून विणकर लांबच्या वाटेला लागत नाही, ही आळीची रीत. "दोन हात राहिलं, भाऊ. बसत बसत विनतो," दादा मला म्हणाले.

दुसरा कुणी असता तर मी शिव्या घातल्या असत्या. त्यांच्या तोंडाकडं पाहिलं आणि म्हणालो, "हळू विणा, दादा." कंपाउंडर म्हणे! आजही ही जीभ उपटून टाकावीशी वाटते.

तिसऱ्या दिवशी दुपारी मागाचा आवाज थांबला. गाठ आली असेल, चोळत असतील, म्हणून मी भात कालवत राहिलो. ताट संपलं तरी आवाज आला नाही. मग धावलो. उशीर झाला होता.

तेरवीनंतर मागावरचं लुगडं उतरवायचं होतं. वहिनींनी कात्री माझ्या हाती दिली. माझ्यानं होईना. त्यांनी ती परत घेतली आणि सगळा ताणा आडवा कापला. पुढचा ताणा जोडता यावा म्हणून जुनी टोकं मागाच्या फणीत राखून ठेवतात. वहिनी तीही उपसायला लागल्या.

"टोकं राहू द्या, वहिनी. जोडायला लागतील."

"कोनासाठी जोडू, भाऊजी?" त्या म्हणाल्या, आणि फणीतून एकेक धागा ओढून काढत बसल्या.